फासावर गेले ते कोण होते?
इतिहासकार पीटर लाइनबॉ यांचे संशोधन आणि आपण

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या अभ्यासवर्गात राज्ययंत्रणेविषयी जी व्याख्याने झाली, त्यांत सैन्य, पोलीस, न्यायालये आणि तुरुंग ही नावे आपण एका दमात घेतली. राज्यसंस्था हे एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला दडपून ठेवण्याचे साधन होय, हे सूत्र आपणा सर्वांच्या तोंडी आहे. परंतु सूत्र तोंडी असणे वेगळे आणि त्या सूत्रामागचा इतिहास ठाऊक असणे वेगळे. तुरुंगात कोण जातो? कोणत्या कृत्यासाठी जातो? जे कृत्य काल गुन्हा नव्हते ते आज गुन्हा का ठरले? आणि ते तसे ठरवण्यात कोणाचा लाभ होता? हे प्रश्न विचारल्यावाचून आपले सूत्र नुसते पाठांतर राहते.

आज मी ज्या इतिहासकाराविषयी बोलणार आहे, त्यांनी आपली सारी हयात हेच प्रश्न विचारण्यात घालवली. पीटर लाइनबॉ हे त्यांचे नाव. ते अमेरिकन, पण त्यांच्या अभ्यासाचा विषय मुख्यतः अठराव्या शतकातील लंडन, तेथील श्रमजीवी जनता आणि तेथील फाशीचा खांब. त्यांची राजकीय भूमिका सर्वस्वी आपली आहे असे नाही. पक्षसंघटनेपेक्षा जनतेच्या स्वयंस्फूर्त प्रतिकारावर त्यांचा भर अधिक आहे आणि त्याविषयी मतभेदाला जागा आहे. पण मतभेद असलेल्या माणसाकडून शिकण्यासारखे काही नसते, असे मानणाऱ्याने मार्क्सवादाचा अभ्यास न केलेलाच बरा.

वॉरिकचे वर्तुळ

‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडाच्या अखेरच्या भागात मार्क्सने आदिम भांडवलसंचयाचे विवेचन केले आहे. जमिनीवरून हुसकावलेल्या शेतकऱ्यांना मजुरीच्या शिस्तीत आणण्यासाठी इंग्लंडमध्ये फटके, डागण्या आणि फाशी यांचे कायदे कसे झाले, हे त्याने तेथे सांगितले आहे. पुढे १९३९ साली रुशे आणि किर्चहायमर या जर्मनीतून निर्वासित झालेल्या दोन विद्वानांनी एका ग्रंथात दाखवून दिले, की शिक्षेचे स्वरूप न्यायाधीशाच्या सद्बुद्धीवर ठरत नाही, तर मजुरांच्या बाजारावर ठरते. मजूर मुबलक असले की त्यांचा जीव स्वस्त होतो. मजुरांची टंचाई असली की कैद्याकडून काम करून घेण्याची कल्पना पुढे येते.

या परंपरेला अभिलेखागारांतील कागदपत्रांची भक्कम जोड मिळाली ती इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात, ई. पी. टॉम्प्सन यांच्या मार्गदर्शनाखाली. टॉम्प्सन यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांचे वडील बंगालमधील बांकुरा येथे अध्यापक होते. टॉम्प्सन स्वतः ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. हंगेरीतील घटनांनंतर १९५६ साली ते पक्षाबाहेर पडले. इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरील त्यांच्या ग्रंथाने इतिहासलेखनाची दिशा बदलली, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण संशोधकांत लाइनबॉ होते. १९७५ साली त्यांनी वॉरिकची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी या वर्तुळाची दोन महत्त्वाची पुस्तके प्रसिद्ध झाली.

पहिले टॉम्प्सन यांचे स्वतःचे, १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’वरील. विंडसर आणि हॅम्पशायरच्या राखीव रानांत हरणे मारणारे, तोंडाला काळे फासून रात्री हिंडणारे शेतकरी सरकारच्या डोळ्यांवर आले. तेव्हा पार्लमेंटने एका फटक्यात सुमारे पन्नास प्रकारच्या कृत्यांना देहान्त शिक्षा लावली. दुसरे पुस्तक या गटाच्या निबंधांचा संग्रह, ‘अल्बियन्स फेटल ट्री’. त्यातील डग्लस हे यांच्या निबंधात एक कूट मांडले आहे. १६८८ साली इंग्लंडमध्ये देहान्त शिक्षेचे सुमारे ५० गुन्हे होते. १८२० पर्यंत ते २०० च्या वर गेले, आणि नवे गुन्हे जवळजवळ सगळे मालमत्तेविरुद्धचे होते. पण कायदे चौपट होऊनही फाशी जाणारे चौपट झाले नाहीत. शिक्षा झालेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक फासावर न जाता सुटत. मग एवढे कायदे कशाला? हे यांचे उत्तर असे, की भय आणि दया ही दोन्ही मालकवर्गाची हत्यारे होती. ज्याला दयेचा अर्ज करायचा त्याला जमीनदाराची, सरदाराची शिफारस लागे. फाशीचा दोर गळ्याशी असलेला माणूस ज्याच्या शब्दाने वाचतो, त्याचा तो आणि त्याचे सारे गाव जन्माचे मिंधे होते. ही यंत्रणा समजावून घेतल्याखेरीज थोड्याशा सैन्यावर आणि जवळजवळ पोलीस नसताना इंग्रज जमीनदारांनी शतकभर राज्य कसे केले, हे कळत नाही.

प्रेतासाठी झालेली मारामारी

याच संग्रहात लाइनबॉ यांचा पहिला मोठा निबंध आहे. लंडनमध्ये टायबर्न येथे, म्हणजे हल्लीच्या मार्बल आर्चजवळ, वर्षातून सुमारे आठ वेळा जाहीर फाशी होत असे. न्यूगेटच्या तुरुंगातून गाड्या निघत, भर वस्तीतून जात आणि हजारो लोक गोळा होत. सुशिक्षित इतिहासकारांनी या गर्दीचे वर्णन रानटी, दारूबाज, तमासगीर असेच केले होते. लाइनबॉ यांनी पाहिले, की ही गर्दी पुष्कळदा एका विशिष्ट कारणासाठी मारामारी करी. फाशी गेलेल्याचे प्रेत शल्यवैद्यांच्या माणसांना नेऊ द्यायचे नाही, हे ते कारण. शवविच्छेदनासाठी प्रेते हवीत म्हणून शल्यवैद्यांची माणसे फाशीच्या खांबापाशी टपून असत. मेलेल्याची आई, बायको, त्याच्या धंद्यातले सोबती, त्याच्या गल्लीतले शेजारी प्रेताभोवती कडे करून उभे राहत. खलाशी खलाशासाठी लढत, आयरिश मजूर आयरिश मजुरासाठी.

या लढ्यामागे मृताला चांगली माती मिळावी ही भावना होती. त्याबरोबरच एक व्यावहारिक आशाही होती. त्या काळी फाशीने माणूस गुदमरून मरत असे आणि क्वचित् पुन्हा शुद्धीवर येई. १७४० साली विल्यम ड्यूएल नावाचा तरुण फाशीनंतर शल्यवैद्यांच्या टेबलावर श्वास घेऊ लागला आणि अखेर त्याची शिक्षा काळ्या पाण्यावर आली. १७५२ साली पार्लमेंटने खुनी माणसाचे प्रेत पुरू न देता त्याचे विच्छेदन करावे वा ते साखळदंडात टांगावे असा कायदाच केला. शिक्षा मरणापलीकडे नेली. ‘रानटी’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न येथे आपोआप उलटतो. ज्या गर्दीला इतिहासात चेहरा नव्हता, तिला नाते, धंदा आणि बंधुभाव असलेली माणसे म्हणून या निबंधाने उभे केले.

बाराशे बेचाळीस माणसे

लाइनबॉ यांचा प्रमुख ग्रंथ ‘द लंडन हँग्ड’ १९९१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रबंधानंतर सोळा वर्षांनी. या ग्रंथाचा आधार मोठा विलक्षण आहे. न्यूगेटच्या तुरुंगात लंडन नगराच्या आल्डरमनांच्या सभेने नेमलेला एक धर्मोपदेशक असे. फाशीच्या कैद्यांना पश्चात्तापाला प्रवृत्त करणे हे त्याचे काम. पण त्याचा एक जोडधंदाही होता. कैद्यांचे जन्म, आईबाप, उमेदवारी, धंदा, प्रवास, गुन्हा आणि अखेरचे शब्द यांच्या चोपड्या छापून तो विकत असे. लोक त्या आवडीने घेत आणि धर्मोपदेशकाच्या पदरात पगाराखेरीज बरीच वरकड प्राप्ती पडे. नीतिबोधासाठी आणि पैशासाठी लिहिलेल्या या चोपड्या इतिहासकारांनी फारशा विश्वासार्ह मानल्या नव्हत्या. लाइनबॉ यांनी त्या इतर कागदांशी ताडून पाहिल्या आणि १७०३ ते १७७२ या काळात फाशी गेलेल्या १,२४२ स्त्रीपुरुषांच्या जीवनकथा हाती घेतल्या.

त्यांतून जे बाहेर आले ते आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. गुन्हेगारांची म्हणून काही निराळी जात असते, ती कष्टकऱ्यांच्या जगाबाहेर कोठेतरी अंधारात राहते, अशी समजूत त्या काळच्या न्यायाधीशांची होती. पुढच्या काळातील पुष्कळ समाजसुधारकांचीही होती. पण या यादीत भेटतात ते विणकर, खाटीक, चांभार, सुतार, खलाशी, मोलकरणी. अर्धी उमेदवारी सोडून पळालेली पोरे. आयर्लंडमधून पोट भरायला आलेले मजूर. लढाई संपताच बेकार झालेले शिपाई. आज कामावर, उद्या बेकार, परवा तुरुंगात, अशी त्यांची आयुष्ये होती. लाइनबॉ यांचा निष्कर्ष असा, की लंडनमध्ये फाशी गेलेले लोक आणि लंडनचे श्रमजीवी लोक हे दोन निराळे लोक नव्हते. मरणाच्या भयावर उभ्या असलेल्या त्या राज्यपद्धतीला ते ‘थॅनाटोक्रसी’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘मृत्युसत्ता’ म्हणू.

या ग्रंथात जॅक शेपर्डवर एक प्रकरण आहे. स्पिटलफील्ड्समध्ये जन्मलेला हा सुताराचा उमेदवार. १७२४ या एका वर्षात तो चार वेळा कैदेतून निसटला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टायबर्नला फाशी गेला. कुलूप, कडी आणि भिंत यांची जी जाण त्याला होती ती त्याच्या धंद्यानेच त्याला दिली होती. लंडनच्या गरिबांनी त्याला आपला वीर का मानले? लाइनबॉ म्हणतात, अठराव्या शतकाचा इतिहास केवळ माणसे कोंडण्याचा इतिहास नाही. तो कोंडवाड्यातून निसटण्याचाही इतिहास आहे. त्याच १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच विचारवंत फूको यांच्या ग्रंथात तुरुंगाची शिस्त सर्वत्र पसरताना दिसते; तिच्याविरुद्ध उठलेली माणसे मात्र फारशी दिसत नाहीत. लाइनबॉ यांच्या ग्रंथात ती पानोपानी आहेत. ६ जून १७८० रोजी लंडनच्या दंग्यात लोकांनी न्यूगेट तुरुंग जाळून कैदी मोकळे केले, या घटनेलाही म्हणूनच त्यांनी एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

ढलप्या, सरवा आणि मजुरी

मित्रहो, आता मी ग्रंथाच्या गाभ्याकडे येतो. एवढ्या लोकांनी चोरले तरी काय?

डेटफर्डच्या सरकारी गोदीत लढाऊ जहाजे बांधली जात. तेथील सुतारांना मजुरी अनेक महिने थकून मिळे. पण जुन्या शिरस्त्याप्रमाणे कामातून उरलेल्या लाकडाच्या ढलप्या घरी नेण्याचा त्यांना हक्क होता. त्या जळणाला उपयोगी पडत, विकताही येत, आणि घरांचे जिने व कपाटेही त्यांची होत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही नासाडी होती. सुतारांच्या दृष्टीने ही मजुरी होती. ढलपी केवढी असावी, ती खांद्यावरून न्यायची की काखेतून, यावर अर्धशतकाहून अधिक काळ झगडा चालला. अखेर १८०१ साली हा हक्क काढून घेऊन त्याजागी रोख भत्ता देण्यात आला. या काळात गोदीच्या कामाची फेररचना करणारा अधिकारी होता सॅम्युएल बेंथॅम. ज्याने ‘पॅनॉप्टिकॉन’ या आदर्श तुरुंगाचा आराखडा मांडला त्या जेरेमी बेंथॅमचा हा सख्खा भाऊ. आणि तुरुंगाची ती कल्पनाही मुळात सॅम्युएलने रशियातील क्रिचेव्ह येथे मजुरांवर देखरेख ठेवण्यासाठी काढली होती. सर्वांवर एका जागेवरून नजर ठेवणारा तुरुंग हा असा कारखान्याच्या पोटी जन्मला.

थेम्सच्या बंदरातही हेच घडले. जहाजातून साखर, तंबाखू, कॉफी उतरवणाऱ्या हमालांचा सांडलेल्या मालावर वहिवाटीने हक्क असे. पॅट्रिक कॅहून नावाच्या न्यायदंडाधिकाऱ्याने हिशेब मांडला, की नदीवर काम करणाऱ्या ३३,००० लोकांपैकी ११,००० चोर आहेत. १७९८ साली वेस्ट इंडीजच्या मळेवाल्या व्यापाऱ्यांच्या पैशातून थेम्सवर पोलीसदल उभे राहिले. हे दल केवळ पहारा करीत नव्हते. हमालांची नोंदणी करणे, त्यांना कामावर लावणे, मजुरीचे दर ठरवणे आणि काम सुटल्यावर झडती घेणे हीही त्याची कामे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कामगारांनी पोलीस कचेरीवर चाल केली. ज्या साखरेच्या रक्षणासाठी हे पोलीस आले ती गुलामांच्या श्रमाची होती. तेथे माणसाची चोरी कायदेशीर, येथे मूठभर साखरेची चोरी गुन्हा!

शेतातही तेच. कापणीनंतर शिवारात पडलेली कणसे गरिबांनी वेचावीत, ही इंग्लंडमधील फार जुनी वहिवाट. १७८८ साली तेथील न्यायालयाने निकाल दिला, की असा कोणताही हक्क सामान्य कायद्यात नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दांची चिकित्सा करावी लागते, म्हणून येथे थोडे थांबतो. या सर्व प्रकारांना इंग्रजीत जे शब्द आहेत ते कोशात पाहू लागले, तर ‘वरकमाई’, ‘लाभ’, ‘बक्षीस’ असे अर्थ मिळतात. पण आपल्या खेड्यांत या गोष्टीला नेमका शब्द आहे. शेतात मागे राहिलेले वेचणे याला आपण ‘सरवा’ म्हणतो आणि सरवा वेचणाऱ्या बाईला कोणी चोर म्हणत नाही. ‘शिरस्ता’, ‘वहिवाट’, ‘हक्क’ हे शब्द एकाच वेळी कायद्याचेही आहेत आणि गरिबांच्या तोंडचेही. उलट ‘उचल’ हा शब्द पाहा. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती उचल, आणि तोच धातू ‘उचल्या’त येतो तेव्हा माणूस गुन्हेगार होतो. लक्ष्मण गायकवाडांचे त्याच नावाचे आत्मचरित्र १९८७ साली आले, तेव्हा मराठी वाचकाला कळले, की एका साऱ्या जमातीला जन्मतःच हे नाव चिकटवलेले होते.

तथापि जुन्या शिरस्त्यांचे सरसकट गोडवे गाण्याचे कारण नाही. आपल्याकडे बलुते आणि वतन यांना जातीच्या दास्याचा डाग होता, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. प्रश्न जुने चांगले की नवे चांगले असा नाही. ज्याने श्रम केले त्याच्या हातात काय पडते, आणि त्याच्या हातून ते काढून घेणाऱ्याला ‘कायदा’ व ठेवून घेणाऱ्याला ‘चोर’ कोण म्हणतो, हा प्रश्न आहे. लाइनबॉ यांचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे, तर फाशीचा खांब आणि रोख मजुरी या दोन वस्तू एकाच इतिहासाच्या आहेत. श्रमाचे मोल केवळ पैशात मिळावे, वस्तूत मिळू नये, यासाठी वस्तू नेणाऱ्याला फाशी द्यावे लागले.

आणि ही लढाई एकतर्फी नव्हती. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून वाहतूक बंद पाडली. इंग्रजीत संपाला जो शब्द आहे तो या शिडे उतरवण्यावरून रूढ झाला. त्याच वर्षी कोळसा वाहणाऱ्या सात कामगारांना त्यांच्याच वस्तीत फाशी देण्यात आले. पुढच्या वर्षी डॉइल आणि व्हॅलीन या दोन रेशीम-विणकरांना बेथनल ग्रीन येथे, विणकरांच्या घरांसमोर, फाशी दिले. खांब कोठे उभारायचा याचा विचार करणारे सरकार संपाला किती भीत होते, हे वेगळे सांगायला नको.

तरुण मार्क्स आणि लाकूडचोरी

लाइनबॉ यांचा १९७६ सालचा एक निबंध आपल्या अभ्यासवर्गांत अवश्य वाचला जावा. विषय आहे १८४२ साली ‘ऱ्हाइनिश झायटुंग’मध्ये मार्क्सने लिहिलेल्या लाकूडचोरीच्या कायद्यावरील लेखांचा. रानात पडलेला सुका पाचोळा-काटक्या वेचणे ऱ्हाइन प्रांतात चोरी ठरवण्यात आले, तेव्हा चोविशीतील मार्क्स त्याविरुद्ध लिहू लागला. या आणि अशा प्रश्नांमुळेच आपण प्रथम आर्थिक प्रश्नांकडे वळलो, असे त्याने स्वतः १८५९ साली नमूद केले आहे. प्रशियात १८३६ साली भरलेल्या सुमारे २ लाख खटल्यांपैकी जवळपास दीड लाख वनगुन्ह्यांचे होते. मार्क्सने त्या वेळी गरिबांच्या वहिवाटीची बाजू न्यायाच्या भूमिकेवरून मांडली; लाइनबॉ त्यामागचे अर्थकारण उलगडतात. ऱ्हाइनचा शेतकरी मजूर कसा बनत होता, लाकडाचा भाव का चढत होता आणि जळण बंद झाले की माणूस कारखान्याच्या दारात कसा येतो, हे ते दाखवतात. म्हणजे मार्क्सच्या अर्थशास्त्राची पहिली पायरी कारखान्यात नव्हे, तर फौजदारी न्यायालयात आहे.

हे वाचताना भारतीय वाचकाला १८७८ चा वन कायदा आठवल्यावाचून राहत नाही. मोळी आणणारी आदिवासी स्त्री एका कायद्याने चोर झाली. त्याच्या सातच वर्षे आधी, १८७१ साली, फिरस्त्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला होता. तो १९५२ साली रद्द झाला. वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ साली झाला, आणि तोही जनतेने लढून मिळवला.

तीन आक्षेप

लाइनबॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर गंभीर टीका झाली आहे आणि ती झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही.

पहिला आक्षेप जॉन लँगबीन या कायद्याच्या इतिहासकाराने १९८३ साली घेतला. त्याचे म्हणणे असे, की फिर्यादी पुष्कळदा लहान दुकानदार, कारागीर, साधी माणसे असत. मग फौजदारी कायदा हे श्रीमंतांचे कारस्थान कसे? चोरी गरिबाच्या घरीही होते, हे खरेच आहे. चाळीत राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. पण गरिबाला कायद्याची गरज पडते म्हणून कायदा कोणाच्या हिताने घडला हा प्रश्न मिटत नाही. हरणाला, शिकारीच्या रानाला, गोदीतल्या ढलपीला जो कायदा लागला तो दुकानदाराने मागितलेला नव्हता.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. ‘कम्युनिस्ट जाहीरनाम्या’त आणि पुढे लुई बोनापार्टवरील ग्रंथात मार्क्सने ‘लुम्पेन’ थराविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत. हा थर प्रतिक्रांतीच्या हाती विकला जातो, असे बजावले आहे. मग फासावर गेलेल्यांना श्रमजीवी म्हणणे हे त्या इशाऱ्याशी कसे जुळते? मला वाटते, दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. गुंडांच्या टोळ्या संप फोडायला वापरल्या जातात, हे आपण गिरण्यांच्या दारांत पाहिले आहे. पण ‘लुम्पेन’ हा शब्द वापरण्यापूर्वी त्या माणसाचे काल काय होते, हे पाहण्याची शिस्त लाइनबॉ आपल्याला लावतात. मार्क्सने ज्या थराविषयी लिहिले त्याची राजकीय भूमिका त्याने तपासली होती. आपण मात्र पुष्कळदा फक्त फाटके कपडे तपासतो.

तिसरा वाद सर्वांत मोलाचा आहे. ब्लॅक ॲक्टच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी टॉम्प्सन यांनी अनपेक्षित निष्कर्ष काढला. कायदा सत्ताधाऱ्यांचे हत्यार होता हे खरे. पण न्याय्य दिसल्याखेरीज कायद्याला प्रभाव पाडता येत नाही, आणि त्यामुळे तो सत्ताधाऱ्यांचेही हात काही प्रमाणात बांधतो. निरंकुश सत्ता आणि कायद्याने बांधलेली सत्ता यांतील फरक नगण्य मानू नका, असे त्यांनी डाव्यांना बजावले. काही मार्क्सवाद्यांनी याला भाबडेपणा म्हटले. पण समाजवादाच्या नावाने उभ्या राहिलेल्या राज्यांतही निरपराध माणसे, त्यांत निष्ठावान कम्युनिस्टही, खटल्याशिवाय वा खोट्या खटल्यांनी छावण्यांत आणि मृत्यूच्या दारी गेली, हा इतिहास आता उघड आहे. तो ठाऊक असताना टॉम्प्सन यांचा इशारा कम्युनिस्टाने तरी हसण्यावारी नेऊ नये. दंडाचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘दंड कोणाचा?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘त्या दंडाला आवर कोणाचा?’ हेही विचारावे.

आपल्या तुरुंगांतल्या दुसऱ्या बराकी

लाइनबॉ विद्यापीठात शिकवण्यावर समाधान मानून राहिले नाहीत. अमेरिकेतील ॲटिका येथील तुरुंगात आणि मॅरियन येथील संघीय तुरुंगातही त्यांनी शिकवले. ॲटिका म्हणजे सप्टेंबर १९७१ मध्ये जेथे कैद्यांनी उठाव केला आणि ज्यात एकंदर ४३ माणसे मेली, तेच ठिकाण. पुढील ग्रंथांतही त्यांनी विषय सोडला नाही, विस्तारला. मार्कस रेडिकर यांच्यासमवेत २००० साली त्यांनी अटलांटिक महासागरावरील खलाशी, गुलाम आणि बंडखोर यांचा इतिहास लिहिला. २००८ साली मॅग्ना कार्टा आणि तिच्या जोडीची विस्मृतीत गेलेली १२१७ ची रानाची सनद यांवर ग्रंथ लिहिला. २०१४ साली ते टोलीडो विद्यापीठातून निवृत्त झाले. २०१९ सालच्या ग्रंथात १८०३ मध्ये फाशी गेलेला आयरिश क्रांतिकारक एडवर्ड डेस्पार्ड आणि त्याची कृष्णवर्णीय पत्नी कॅथरिन यांची कथा आहे. नवरा कोठडीत असताना कॅथरिनने तुरुंगातील हालांना वाचा फोडली. तुरुंगाचा इतिहास भिंतीबाहेर थांबलेल्या बायकांचाही असतो, हे त्यांनी वयाच्या उतारावरही नव्याने सांगितले.

आता शेवटचा प्रश्न आपल्या स्वतःविषयीचा. आपल्या चळवळीला तुरुंग अपरिचित नाही. १९२९ साली मीरत खटल्यात ज्यांना पकडले त्यांत डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, अधिकारी होते. आपल्या नेत्यांच्या तुरुंगातील आठवणी आपण आदराने वाचतो. परंतु त्या वाचताना शेजारच्या बराकीत कोण होते, हे आपण किती वेळा विचारले? त्याच १९२९ साली राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून जतीन दास यांनी उपोषणात प्राण दिला. त्यानंतर सरकारने कैद्यांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग केले. आणि वर्ग ठरवताना शिक्षण, सामाजिक दर्जा आणि राहणीमान पाहिले! हौतात्म्यातून निघालेल्या मागणीचे उत्तर साम्राज्याने तुरुंगातही वर्गभेद करून दिले. राजकीय कैद्याचा हक्क आपण सोडता कामा नये. पण ‘आम्ही चोर नव्हे’ एवढ्यावर आपले म्हणणे संपले, तर बाकीच्या बराकी आपण सरकारच्या व्याख्येवर सोडून दिल्या असे होते.

त्या बराकींत आज कोण आहे? २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांतील ४,३४,३०२ जण, म्हणजे शंभरातील सुमारे ७६, अद्याप दोषी ठरलेलेच नव्हते. कैद्यांच्या जातीवरून झाडलोटीचे वा स्वयंपाकाचे काम वाटून देणारे तुरुंग-नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले; याचा अर्थ घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे ते नियम टिकून होते.

लाइनबॉ यांनी एका पाद्र्याच्या चोपड्यांतून १,२४२ माणसांना त्यांचे धंदे, त्यांची गावे आणि त्यांची नावे परत दिली. आपल्याकडे असे काम करायला कोणी विद्यापीठाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात तुरुंग आहे, न्यायालय आहे आणि तेथे खेपा घालणारी माणसे आहेत. आपल्या युनियनमध्ये, किसानसभेत, वस्तीत ज्यांच्या घरचा माणूस आत आहे त्यांच्याशी बोला. तो कोणते काम करीत होता, कशासाठी पकडला गेला, जामिनाची रक्कम किती आणि ती का भरता आली नाही, हे लिहून ठेवा. वकील साथींनी त्या याद्या हाती घ्याव्यात. एवढे केले तर काही माणसे बाहेर येतील, आणि राज्यसंस्थेविषयीचे आपले सूत्र पाठांतर न राहता आपल्या अनुभवाचे होईल.